पोस्टरवरची हिरोईन

“बाबा, पोस्टरवरची बाई आपल्याच घरची असती, तं छापली असती का तुमी?” मैत्रिणींनी पैज लावून विचारायला सांगितलेला प्रश्न बारावीतल्या स्वातीनं एकदाचा विचारून टाकला.

आरमोरीत पंधरा वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं छापणाऱ्या धनराजभाऊंनी मानसुद्धा वर केली नाही. “आपल्या घरच्या पोरी स्टेजवर नाई जात. तू नव्या हिरोईनचा फोटो टाक आधी, कंपनीचा मानूस बाहेर उभा हाय.”

स्वातीनं अंगठ्याएवढा गोल फोटो कॉम्प्युटरवरच्या पोस्टरवर ठेवला आणि कडेला धरून ओढला. गोलाचं अंडं झालं, चेहरा आडवा पसरला.

मागून आई डोकावली. “कोन वं हे भोपळ्यातोंडी?”

“रुंदीच वाढवली तिनं, उंची तेवढीच राह्यली,” बाबा वैतागले. “किती डाव सांगू, मागं घे, रुंदी-उंचीचं लॉक लाव, मंग कोपऱ्याले धरून ओढ.”

लॉकची खूण बाणाखालीच होती, पण स्वातीचं बोट माउसवर थिजलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, तसा आईचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकला आणि बाबा चष्मा पुसून स्क्रीनजवळ सरकले. स्वातीनं श्वास धरून फोटो मागे घेतला, लॉक लावलं आणि कोपरा ओढला. चेहरा सरळ झाला, वाढत वाढत अर्ध्या पोस्टरभर झाला. आईचं हसू ओठांवरच विरलं.


“आई, बाबा, मंडईच्या जत्रेतल्या नाटकात हिरोईन म्हणून मीच उभी राहणार,” स्वाती म्हणाली.