हात न टेकता

“खुर्चीवरून उठा. हात न टेकता,” डॉक्टर भार्गवी म्हणाल्या.

सरुबाई उठल्या. गुडघे करकरले.

“पुन्हा.”

“कवायत हाय व्हय ही?” म्हणत त्या पुन्हा उठल्या. मग कुणी न सांगता आणखी एकदा.

भालकीहून पहाटेच निघून त्या कलबुर्गीच्या या दवाखान्यात आल्या होत्या. सोबत आलेला भाचा विलास भिंतीला टेकून उभा होता.

“डॉक्टर, सत्तरी ओलांडलीय आत्यानं. न्हाई झेपायचं तिला. गावाकडचे डॉक्टर म्हणाले, या वयात कापाकापी कशाला? घरी ठेवा, आवडीचं खाऊ घाला.”

“आवडीचं खाऊन गाठ जातीय व्हय रे?” सरुबाई त्याच्याकडे वळल्या. “तुझा ट्रॅक्टर जुना झाला तवा इकलास का? इंजन बांधून आणलास की.”

“ट्रॅक्टर रातच्याला कण्हत न्हाई, आत्या.”

“कण्हतंय ते जितं असतंय.”

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. स्तनातली गाठ लहान होती, कुठे पसरली नव्हती. ऑपरेशन करून काढता येणार होती. नंतर रोज एक गोळी. हृदय, रक्त, सगळं ठीक होतं. अडचण होती ती घरी गेल्यानंतरची.

“ऑपरेशननंतर जखमेत नळी ठेवून घरी सोडू,” त्या म्हणाल्या. “पिशवीत पाणी साठेल, ते रोज काढायचं. ताप आला तर लगेच फोन. घरात दुसरं कोण आहे?”

“कोण न्हाई. ह्याचं बिऱ्हाड बसवकल्याणला. सणावाराला फोन करतोय, बिचारा.”

विलासनं मान खाली घातली.

डॉक्टरांनी एक रिकामी पिशवी पुढे केली. सरुबाईंनी तिचं झाकण काढलं, पिशवी उलटी केली, झाकण परत लावायला घेतलं. झाकण निसटलं. विलास पुढे झाला.

“सोड.” त्यांनी त्याचा हात झटकला. दुसऱ्यांदा झाकण घट्ट बसलं.

“रात्री उठावं लागेल, अक्का.”

“झोप कुणाला येतीय?”

“थकाल.”

“थकले तर बसून करीन. पर वय झालं म्हणून नुसती वाट बघत बसायची? मला न्हाई जमायचं. वय म्हंजे काय गाठ हाय का? जो तो वयाकडं बघायलाय. गाठीकडं कामून कोण बघंना?”

विलासनं भिंत सोडली आणि तो सरळ उभा राहिला.

“मंगळवारी ऑपरेशन करू,” डॉक्टर म्हणाल्या. “आता एकदा तपासून घेते.”

सरुबाईंनी पदर खोचला, दार उघडलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या आपल्या नव्वदीच्या आईला हाक मारली, “ऊठ माय, आत ये. तुझं ऑपरेशन ठरलं.”