एका कुपीतली वाफ

ओट्यावर पांढऱ्या फडक्यावर काचेच्या चोवीस कुप्या उपड्या होत्या. मी त्या ब्रशने घासून, कुकरमध्ये वीस मिनिटं निर्जंतुक करून ठेवल्या होत्या. दोन तासांनी तेवीस कोरड्या झाल्या. एक आतून धुरकट होती.

"बघ, आलेत," आई म्हणाली.

अशा कुप्यांत आम्ही ऑर्किडची रोपं वाढवतो. निर्जंतुक झालेली एखादी कुपी उचलून बाबा तिच्यात तोंडाने वाफ सोडायचे आणि सदऱ्याच्या टोकाने ती चमकवायचे. "अहो, केलंत ना मुसळ केरात," आई म्हणायची. त्या कुपीतल्या रोपाला हमखास बुरशी यायची.

बाबांना जाऊन आठ महिने झाले. आई अजून त्यांचा चहा ओतते, आणि तो गार होईपर्यंत समोर बसून राहते. हे कुठेतरी थांबायला हवं होतं.

"आई, ती नीट सुकली नाहीये, एवढंच. आतली हवा बाकीच्यांइतकीच गार असेल, मोजून दाखवते. मग तरी ऐकशील?"

"मोज बाई. शेवटी त्यांचीच लेक तू."

मी कुपी आतून पुसली आणि उपडी ठेवली. आम्ही बघत असतानाच ती हळूहळू पुन्हा धुरकटली.

"सदरा कुठे ठेवलाय मी त्यांचा," म्हणत आई आत गेली.

मी तापमापी एकेका कुपीत धरली आणि आकडे वहीत लिहिले. खोलीतली हवा सव्वीस अंश. तेवीस कुप्यांतली हवा सव्वीस अंश. चोविसावीतली सदतीस, माणसाच्या अंगाइतकी.