यादीतलं नाव

"हे तुमच्या मशीनला चालणार नाही, आबा," अभिमन म्हणाला आणि त्याने कॉम्प्युटरचं डिस्प्ले कार्ड पुन्हा खोक्यात ठेवलं.

समोर बसलेल्या म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो साक्रीहून पहाटेच्या एस.टी.ने निघाला होता. हातात वहीचं एक पान होतं. त्यावर गोल, सुटसुटीत अक्षरात तीन प्रश्न लिहिलेले : कार्डावरची चिप कोणती? लिनक्सच्या यादीत तिचं नाव आहे का? नसेल तर पडद्यावर चित्र येईल का?

"पन नवं शे ना?"

"नवं आहे म्हणूनच. विंडोजवर पळेल. पण लिनक्सला चालणाऱ्या कार्डांची ही यादी बघा." अभिमनने भिंतीवर चिकटवलेले छापील कागद दाखवले. "लिनक्सच्या सीडीतच येते ही. यात याचं नाव अजून आलेलं नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दिसतील. जुन्या चिपचं कार्ड मुंबईहून मागवतो."

१९९९ साल होतं. जळगावात कॉम्प्युटरची दुकानं बोटांवर मोजण्याइतकी, आणि विंडोज सोडून लिनक्स विचारणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं.

"धुळ्याला कोणी नाही का? एवढ्या लांब आलात."

"शेतस. पन तुमनं नाव ऐकं व्हतं."

"घरी कोण वापरतं मशीन?"

"पोर."

"मग त्यालाच पाठवायचं ना. तुम्हाला हेलपाटा."

म्हातारा नुसता हसला. अभिमनने चहा सांगितला, तर त्याने हात जोडले. "आधी जमू द्या. मंग चहा."

घरी सुंदरबाई दारातच बसली होती. अभिमन चप्पल काढत होता तोच तिने विचारलं, "पोस्टमन दुकानावर आला होता का रे?"

"नाही, आई."

महिन्यापूर्वी तिने धुळे जिल्ह्यातल्या एका स्थळाकडे त्याची पत्रिका पाठवली होती. शेजारच्या झुलाल नानांनी सुचवलेलं स्थळ. मुलगी कॉलेजात शिकवते, एवढंच कळलेलं. पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना सुंदरबाईने हळदीकुंकू लावलं होतं आणि घडीत अभिमनचा टाय लावलेला फोटो सरकवला होता. टाय नानांच्या मुलाचा होता.

अभिमन एकतिसावं वर्ष ओलांडून चालला होता. आतापर्यंत चार पत्रिका परत आल्या होत्या.

"बठ्ठ्यांचं, चौघांचंही एकच," सुंदरबाई म्हणाली. "पत्रिका जुळत नाही म्हणे. नोकरी नाही, दुकान आहे, असं तोंडावर कोण सांगणार! हे स्थळ गेलं ना, तर मी काही पुन्हा हळद लावायची नाही."

"बरं."

"बरं काय बरं? दगडाला तरी पाझर फुटतो."

पंधरा दिवसांनी म्हातारा पुन्हा आला. मुंबईचं कार्ड आलं नव्हतं. अभिमनला ओशाळल्यासारखं झालं, पण त्याने खरं ते सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या," म्हातारा म्हणाला. "मी घर सांगं, त्या भाऊनी नवं कार्ड व्हतं तरी इकं नही. पोर म्हने, मानूस खरं बोलस. त्याकडेच जा."

अभिमनला त्या दिवशी जेवण गोड लागलं. आईला त्याने ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

तिसऱ्या खेपेला म्हातारा आला तो भर उन्हाचा. सकाळपासून वीज नव्हती. एका गिऱ्हाइकाने बिघडलेला मॉनिटर टेबलावर आणून आदळला होता. निघताना सुंदरबाईने पुन्हा पोस्टमनचं विचारलं होतं आणि अभिमन पहिल्यांदाच तिच्यावर खेकसला होता. मुंबईवाल्याने फोनवर सांगितलं होतं, ते जुनं कार्ड आता बंद झालं.

म्हातारा बाकावर टेकला. धोतराच्या सोग्याने त्याने मान पुसली. पायांवर फुफाटा होता. तेच वहीचं पान त्याने उलगडलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं.

"आनं का, भाऊ?"

अभिमनने त्या पायांकडे पाहिलं. याला तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने परत धाडायचं त्याच्या जिवावर आलं. पुन्हा ती चिप, पुन्हा ती यादी समजावून सांगायची, तेही जिवावर आलं. चित्र नाहीच आलं तर पोरगा विंडोज टाकून घेईल. आजकाल सगळे तेच करतात.

त्याने फळीवरचं नवं खोकं काढलं.

"हे घेऊन जा."

म्हाताऱ्याने खोकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हाई चालई?"

"चालेल."

"यादीमा नाव शे ना?"

अभिमनने भिंतीकडे पाहिलं नाही. "आहे."

"नक्की ना, भाऊ? पोर इचारी."

"नक्की, आबा."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. त्याने ते पान नीट घडी करून खिशात ठेवलं आणि टोपी चढवली. "आते चहा सांगा," तो म्हणाला.

बशीत ओतून, फुंकर घालत, त्याने सावकाश चहा घेतला. दुकानातल्या फळ्या, भिंतीवरचा देव, अभिमनची खुर्ची, सगळं एकदा डोळे भरून पाहिलं. उठताना म्हणाला, "मायले नमस्कार सांगजात."

आठव्या दिवशी दुकानात एक पार्सल आलं. वर साक्रीचा शिक्का होता. अभिमनने सुतळी कापली. तेच खोकं होतं. वर चिठ्ठी, त्याच गोल, सुटसुटीत अक्षरात :

"यादीत नाव नाही. जुळत नाही, म्हणून परत पाठवत आहे."

त्याने सुस्कारा टाकला. हे होणारच होतं. कार्ड फळीवर ठेवायला त्याने ते खोक्यातून उचललं, तर तळाशी घडी केलेला एक कागद होता. त्याच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लागलेलं होतं, आणि घडीतून फोटोतला झुलाल नानांच्या मुलाचा टाय डोकावत होता.