केरबाची भिंत

निफाडच्या थंडीत तोंड उघडलं की शब्द गोठून पायावर पडायचे. हीटरची वीज परवडेना, तेव्हा वस्तीनं स्वतःच खटपट करून भिंतींना नवा गिलावा शोधून काढला. माणूस टेकून बसला की भिंत त्याच्या अंगाची ऊब साठवायची, आणि तोटी उघडली की नळीवाटे शेजारच्या घराला द्यायची.

गिरजाबाईची तोटी मात्र दिवाळीपासून बंद होती. तिचा नवरा केरबा नऊ वर्षं त्या भिंतीला पाठ लावून घोरला आणि दिवाळीत गेला. तिनं भिंतीवर गोधडी टांगली. रोज ती गोधडीखाली हात घालून बसायची.

सकाळी भिंतींतली ऊब मोजणारी नजमा यंत्र घेऊन दारात आली.

"काकू, शेजारी शेवंताला दिवस भरायच्या आधीच बाळ झालंय. गार पडलंय, रडतसुद्धा नाही. दवाखान्याची गाडी यायला दोन तास आहेत. सगळ्यांच्या भिंती रिकाम्या झाल्या. तुमच्या भिंतीत अजून एका माणसाची ऊब आहे."

"ते सांगायला तुझं यंत्र कशाला लागतं गं?" गिरजाबाई म्हणाली. मग हळूच, "थोडी मागं ठेवता येईल?"

नजमानं मान खाली घातली. "नाही काकू. सगळीच जाते."

गिरजाबाईनं स्वतःच्या हातानं तोटी उघडली. तळहाताखाली भिंत गार होत गेली. बऱ्याच वेळानं पलीकडून बाळाचं रडू ऐकू आलं, मग तेही झोपेत विरलं.

तिनं भिंतीला ओठ लावले.

"अहो, तिकडं घोरू नका हं. बाळ झोपलंय."