दगड कोणी धुतला

बेसिनवरची साबणाची वडी अक्षताने दोन बोटांत धरून आणली आणि बापूरावांच्या पुढ्यात आदळली.

"ही कोणाची?"

"हात धुवायची हाय, ताई. समद्यांचीच."

"आणि जेवणाचा डबा कशाने धुता?"

बापूरावांनी वडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अठरा वर्षं या प्रयोगशाळेत दगड धुणारा, धायरीहून पहिल्या बसने येणारा माणूस. पण आज अक्षताला त्यांचा चेहरासुद्धा लबाड वाटत होता. संशय एकदा मनात शिरला की असंच होतं. समोरचा नुसता खाकरला तरी वाटतं, काहीतरी लपवतोय.

सकाळी पाहुण्यांसमोर पुरती शोभा झाली होती. तेल कंपनीचे दोघे मुद्दाम प्रयोग बघायला आले होते. पोलादी नळीत लाटण्याएवढा वालुकाश्माचा तुकडा आवळून बसवला होता. जमिनीखाली अशाच दगडाच्या बारीक छिद्रांत तेल अडकून राहतं. नुसता वायू सोडला तर तो मोकळ्या वाटेने निसटतो आणि तेल जागच्या जागी. फेस ती वाट बुजवतो, दाब चढतो, मग वायूला झक मारत तेलाकडे वळावं लागतं. अक्षताचा फेस रिठ्याचा. तीन वर्षं ती त्याच्यामागे होती. रिठा नसला तर काहीच घडत नाही, एवढंच आज दाखवायचं होतं. आधीच्या प्रयोगानंतर धुतलेल्या दगडात नुसतं खारं पाणी आणि वायू सोडायचा. पडद्यावर दाबाची रेघ आडवी राहिली की झालं.

रेघ चढली. चांगली ताठ चढली, म्हणजे रिठा न घालताच आत फेस झाला होता. पाहुण्यांतला एक जण हसून म्हणाला, "मग रिठा हवाय कशाला?" आणि दोघंही चहा न घेता निघून गेले.

"आपल्याकडे दोनच गोष्टींना फेस येतो," अक्षताच्या मार्गदर्शक सत्यशीला मॅडम नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "तुझ्या रसायनाला आणि बापूरावांच्या डब्याला. दगड धुतला कोणी?"

"बापूरावांनी," अक्षता म्हणाली.

"मग चूक कबूल म्हणून लिहून घे त्यांच्याकडून. पाचला मी ऑफिसात देते. त्यांचं कंत्राट या महिन्यात संपतंच आहे, ते काही पुढे वाढवायला नको."

अक्षताने कागद टाइप करून आणला होता. फक्त सही व्हायची होती.

"डबा मी बाहेरच्या नळावर धुतो," बापूराव म्हणाले. "अन् ताई, आपल्या त्या खाऱ्या पान्यात ह्या वडीला फेस यील व्हय? करून तर बघा."

घ्या! आता हे शिकवणार! अक्षताने तणतणत एका बाटलीत खारं पाणी घेतलं, वडी खरवडून टाकली आणि जोरात हलवलं. फेस नावालाही नाही. पाणी दुधासारखं नासलं आणि पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. मग तिने सकाळी दगडातून बाहेर पडलेलं पाणी दुसऱ्या बाटलीत घेऊन हलवलं. बाटली गळ्यापर्यंत फेसाने भरली. तिने बूच काढून हुंगलं. तोच आंबूस, ओळखीचा वास. रिठा!

म्हणजे साबणाचा काही संबंध नव्हता. आधीच्या प्रयोगातला रिठा दगडाने धरून ठेवला होता. दगड पुरता धुतलाच नव्हता. अक्षताला उलट हायसं वाटलं. साबण नाही तर कामचुकारपणा, माणूस तोच.

"सात दिवस धुवायचा होता. किती दिवस धुतलात?"

"तीन."

"तीन! आणि कोणाला विचारून काढलात?"

बापूरावांनी टेबलावरच्या तिच्या फोनकडे पाहिलं.

"तिकडे काय बघताय?"

"तुम्हीच बघा की, ताई. फोनमधी आसंल."

त्यांना खोटं पाडायला म्हणूनच तिने फोन उघडला. शुक्रवारचा मेसेज होता, तिचाच. 'पाहुणे सोमवारी येताहेत. दगड आजच काढून ठेवा.' खाली त्यांचा, 'ताई अजून फेस येतोय. राहू द्यायचा का.' आणि त्याखाली परत तिचा, 'काढा. मी बघते.'

हिंजवडीला मैत्रिणीच्या केळवणात, पंगतीत बसल्याबसल्या, एका हाताने तिने हे लिहिलं होतं. अक्षताची कानशिलं तापली. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. मॅडमना हे कळलं तर त्या पुन्हा तिच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवणार नव्हत्या.

"हे तुमच्या फोनमध्येही असणार," ती हळू आवाजात म्हणाली. "सकाळी मॅडमना का नाही दाखवलंत?"

"मला कुठं विचारलं त्यांनी? तुम्हाला विचारलं. तुम्ही सांगितलं."

दारात चपला वाजल्या. "झाली का सही?" सत्यशीला मॅडम आत येत म्हणाल्या. "का मुहूर्त बघताय?"

अक्षताने फोन टेबलावर पालथा घातला. हात आपोआप गेला तिचा. मॅडमची नजर त्या फोनवर गेली, तिथून तिच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच राहिली.

बापूरावांनी कागद आपल्याकडे ओढला, पेन घेतलं. शर्टाच्या वरच्या खिशातून त्यांच्या चष्म्याची दांडी डोकावत होती.

"चष्मा घरी राहिला बघा," ते म्हणाले. "ताई, सही कुठं करायची, तेवढं बोट ठेवून दाखवा."

अक्षताने बोट पुढे केलं. ते कागदावर टेकेना.