बियाण्याची पकड

व्हिडिओत ड्रोनची पकड उघडली आणि खालच्या लष्करी चौकीवर काहीतरी पडलं. धूर उठण्याआधी एक कोवळा सैनिक, हातात जेवणाची थाळी, वर बघताना दिसला.

मनालीने व्हिडिओ थांबवला. ती पकड तिची होती. वसई पूर्वेच्या कारखान्यात बसून तिने ती आखली होती. ड्रोनच्या पोटाला लावायची आणि चिखलापलीकडच्या बांधावर बियाण्याच्या, खताच्या पिशव्या नेऊन सोडायच्या, एवढ्यासाठीच. पहिली चाचणी नायगावला, तिच्या वडिलांच्या, श्रीपतच्या खाजणातल्या शेतात झाली होती.

व्हिडिओ कंपनीचे ड्रोन विकणाऱ्या मिझोरामच्या दलालाने पाठवला होता. सोबत तक्रार होती: वजन वाढलं की पकड अडकते, सुधारून द्या.

ती तडक मालकाच्या खोलीत गेली. मालक हरेश तिच्याच गावचा. लहानपणापासून ती त्याला दादाच म्हणायची.

"दादा, आपले ड्रोन सीमेपलीकडे लढाईत वापरतायत."

हरेशने व्हिडिओ पाहिला. तो दचकला नाही.

"बस जरा. म्यानमारमध्ये यादवी चाललीय. लष्कर विमानांतून गावंच्या गावं जाळतंय. डोंगरात लपून लढणाऱ्या पोरांकडे दुसरं आहे काय? गनिमी कावा काय असतो, ते आपल्या मातीतल्या पोरीला मी सांगायचं का?"

जळालेली गावं मनालीनेही बातम्यांत पाहिली होती. थाळीवाल्या पोराचा चेहरा काही डोळ्यांपुढून जाईना, पण ही दुबळ्यांची बाजू आहे, अशी तिने मनाची समजूत घातली आणि पकड सुधारून दिली. हरेशने गावभर सांगितलं, श्रीपतकाकांच्या मनालीमुळे गरिबांची पोरं लढतायत. श्रीपत अभिमानाने चार घरी बोलून आला.

पुढच्या आठवड्यात हरेश तिला गाडीत घालून कामणच्या नव्या गोदामात घेऊन गेला. लांबलचक टेबलावर बंदुकीसारखी दिसणारी यंत्रं मांडली होती.

"ड्रोन पाडायची यंत्रं," हरेश म्हणाला. "सिग्नल तोडतात. हा विभाग आता तुझा."

"कोणासाठी बनवतोय आपण?"

"तिकडच्या लष्करासाठी. आपला ड्रोन तुझ्याइतका कोणाला ठाऊक आहे?"

आपण चुकीचं ऐकलं, असंच तिला वाटलं.

"त्या पोरांना ड्रोन आपणच द्यायचे, आणि ते पाडायचं यंत्रही आपणच बनवायचं?"

"पडले की ते नवे घेतात," हरेश शांतपणे म्हणाला.

"सिग्नल तुटला की ड्रोन ओझ्यासकट खाली येतो, दादा. खाली कोणाची वस्ती असली तर?"

"ते आपण नाही बघायचं. आपल्या कागदावर शेतीची अवजारं आहेत."

मनालीचे कान तापले. त्याच्यापेक्षा जास्त राग तिला स्वतःचा आला. दुबळ्यांची बाजू, आपली माती, गनिमी कावा. या माणसाने तिला सगळं फुकटात ऐकवलं होतं आणि तिने ते विकत घेतलं होतं. तिने मोबाइल काढला आणि त्याच्या देखत टेबलावरच्या एकेका यंत्राचा फोटो घेतला.

"मनाली, ठेव तो फोन. काकांना काय सांगशील?"

तिने कंपनीचं ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर टाकलं आणि ती बाहेर पडली. हरेश हाका मारत फाटकापर्यंत आला. तिने मागे पाहिलं नाही. रस्त्यावर रिक्षा थांबवली आणि पोलीस ठाण्यात न्यायला सांगितलं.

वाटेत श्रीपतचा फोन आला. हरेशने तिच्याआधी त्याला गाठलं होतं.

"काम सोरलंस म्हनं?"

"सोडलं, आबा. आता पोलिसांकडे चाललेय."

"पोलिसांकरं? अगो, तो त्या डोंगरातल्या पोरांना मदत करतंय ना?"

"लष्करालाही करतोय."

"मंग तिकडं जिकतंय कोन?" श्रीपतने विचारलं. "ती पोरं, का लष्कर?"

"हरेशदादा," मनाली म्हणाली.