हिंडणारा ठिपका

"हा बघा! हा काय इथं बसलाय!" फुसाएने संत्र्याची फोड हातात तशीच धरून टीव्हीच्या पडद्यावर बोट टेकवलं.

तोकुजीने चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा खाली घेतला. पडद्यावर त्याने सकाळी काढलेला फोटो होता. फोटो कशाचा, तर कोऱ्या कागदाचा! वापरलेला कॅमेरा घेतला की आत धूळ शिरलीय का ते आधी तपासायचं, आणि धूळ दिसते ती कोऱ्या पांढऱ्यावरच. परत करायला दुकानदाराने सात दिवस दिले होते. आज सातवा. या सात दिवसांत त्याने कागद, भिंत, आभाळ आणि बायकोची धुतलेली चादर यांचे दोनशे फोटो काढले होते. माणसाचा एकही नाही.

"मला काही दिसत नाही बुवा."

"तुम्हाला कधी काय दिसलंय? तुमच्या हातून पडलेले स्क्रू त्रेचाळीस वर्षं मीच शोधतेय. या घरात डोळे आहेत ते माझे."

हे मात्र खरं होतं. सुईत दोरा तीच ओवायची, त्याच्या ताटातल्या माशाचे काटेही तीच काढून द्यायची. ती ठिपका आहे म्हणाली म्हणजे आहेच. म्हणून तर त्याचा जीव हळहळत होता. दोन वर्षं शोधून हा कॅमेरा मिळाला होता, आणि आता परत करायचा!

त्याने पुढचा फोटो लावला.

"इथं. अगदी मधोमध."

"मघाशी वर उजवीकडे म्हणालीस."

"मघाशी तिथं होता. आता इथं आलाय."

"अगं, धूळ एकदा बसली की बसली. अशी हिंडत नाही ती."

"तुमच्या कॅमेऱ्यातली हिंडते! चांगलंच गंडवलंय तुम्हाला."

तोकुजीने टीव्ही बंद केला. खिडकीच्या कागदी सरकत्या दारावर दुपारचं ऊन आलं होतं.

"तिकडे बघ जरा."

"अगंबाई, तिकडेही आहे की!"

"आता माझ्याकडे बघ."

"आता तुमच्या नाकावर बसलाय," म्हणत ती खो खो हसली. "शोभतोय हो!"

तो हसला नाही. "कधीपासून दिसतोय?"

"झाले दोन-तीन दिवस. आणि तो तुमचा फ्लॅश तेवढा बंद करा बाई. सारखा डोळ्याच्या कडेला चमकतो."

"फुसाए, मी फ्लॅश लावलेलाच नाही."

तिने हातातली फोड टेबलावर ठेवली. तो उठला, डोळ्यांच्या दवाखान्याला फोन केला, "आत्ता लगेच या" असं तिकडून ऐकलं आणि खुंटीवरचा मफलर काढून तिच्या गळ्याभोवती गुंडाळायला लागला. उलटा.

"अहो, दुकान सातला बंद होतं. आधी कॅमेरा देऊन येऊ."

"कॅमेऱ्यात काही खोट नाही."

"आणि माझ्यात निघाली तर?" ती हसत म्हणाली, पण आवाज हसरा नव्हता. "मला परत करणार?"

"तुझे सात दिवस कधीच संपलेत."

दाराबाहेर पडताच त्याने तिचा हात धरला. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याने तो धरला नव्हता. समोरच्या घरातल्या मोरीताबाई झाडांना पाणी घालत होत्या. त्या झारी तशीच धरून उभ्या राहिल्या.

"अहो, हात सोडा," फुसाए पुटपुटली. "लोक बघतायत."

"बघू देत. तू पायरी बघ."